पेंग्विनचं पिल्लू मारणारा तो राखाडी पक्षी: जायंट पेट्रेलबद्दल माहिती हवी आहे

अनघा_के
नमस्कार मंडळी. परवा रात्री जेवताना टीव्हीवर अंटार्क्टिकाचा माहितीपट लागला होता. एम्परर पेंग्विनची पिल्लं बर्फात एकमेकांना चिकटून उभी होती. तेवढ्यात एक मोठा राखाडी पक्षी पंख अर्धवट उघडून त्यांच्यात शिरला. उडत नाही, चालत! त्यानं एका पिल्लाची मान धरली आणि सोडलीच नाही. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं ताट बाजूला सारलं. तेव्हापासून एकच विचारते आहे, "आई, तो पक्षी दुष्ट आहे का?"

"त्यालाही भूक लागते गं" असं सांगून वेळ मारून नेली, पण माझंच समाधान झालं नाही. निवेदक नुसतं 'जायंट पेट्रेल' म्हणाला. हा मेलेलं खाणारा आहे की शिकारी? राहतो कुठे? आणि याला मराठीत काही नाव आहे का? इथे समुद्रावरची, पक्ष्यांमधली बरीच जाणती माणसं आहेत म्हणून विचारते.

बंदरकाठ
अनघाताई, तो अल्बट्रॉस असेल. दक्षिणेकडे एवढा मोठा पक्षी तोच.

समुद्रकाका
बंदरकाठ, अल्बट्रॉस नव्हे. मी बत्तीस वर्षं जहाजावर काढली, दोघांनाही जवळून पाहिलं आहे. अल्बट्रॉस वाऱ्यावर असा तरंगतो की बघतच राहावं. हा त्याच्यासारखाच ताठ पंखांनी येतो, पण पाठीत कुबड असल्यासारखा दिसतो आणि मधूनमधून पंख मारतो. चोच तर डोक्याच्या मानानं फारच मोठी.

केपटाऊन सोडून दक्षिण अमेरिकेकडे निघालो की चाळीस अंशांच्या खाली हे मागे लागायचे. भंडाऱ्यानं स्वयंपाकघरातली बादली समुद्रात रिकामी केली की कुठून यायचे कळत नाही, पण दहा मिनिटांत हजर. (तेव्हा टाकायचे, आता नियम कडक झाले आहेत.) पाण्यावर बसायचे आणि एकमेकांवर घोड्यासारखे खिंकाळायचे. आमच्या जहाजावरचे जुने इंग्रज अधिकारी त्याला 'स्टिंकर', म्हणजे घाण वास मारणारा, म्हणत. एकदा वादळात एक डेकवर आदळला. उचलायला गेलो तर त्यानं माझ्या बॉयलरसूटवर पिवळट तेल ओकलं. तो सूट चार वेळा धुतला, शेवटी टाकून दिला.

मालवणी_रापण
काका, ह्यो पक्षी आमच्या बंदरार इलो तर कावळ्यांचा काय खरां नाय!

सावनी_केपटाऊन
काकांच्या सूटला माझी मनापासून सहानुभूती. मी इथे समुद्री पक्ष्यांवरच काम करते. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात या पक्ष्यांची जुनी कातडी जपून ठेवली आहेत. कपाट उघडलं की आजही तो उग्र, कस्तुरीसारखा वास येतो.

अनघाताई, जरा सविस्तर लिहिते.

जायंट पेट्रेल हा पेट्रेल घराण्यातला सगळ्यात मोठा पक्षी. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण दोन मीटर, मोठ्या नराचं वजन पाच किलोपर्यंत. शास्त्रीय नाव मॅक्रोनेक्टिस, म्हणजे मोठा पोहणारा. चोचीच्या वर जी नळी दिसते ती नाकपुडी. अल्बट्रॉसपासून चिमणीएवढ्या वादळपाखरापर्यंत या सगळ्या गणाची ही खूण आहे. समुद्राचं पाणी प्यायल्यावर जादा मीठ डोळ्यांच्या वरच्या ग्रंथी गाळतात आणि ते खारं पाणी या नळीवाटे चोचीवरून ठिबकतं. नाकही तीक्ष्ण असतं. काका म्हणतात तसे दहा मिनिटांत हजर होतात ते बरंचसं वासावर, आणि थोडं एकमेकांकडे बघून. एक खाली उतरला की लांबवरच्या दुसऱ्याला ते दिसतं.

ते तेल अन्नापासूनच होतं. मासे, क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव), चरबी यांतला स्निग्ध भाग जठराच्या पुढच्या पिशवीत साठतो. समुद्रावरून शेकडो किलोमीटर परत यायचं तर पाणी वाहून आणण्यापेक्षा तेल आणणं परवडतं, कारण तेवढ्याच वजनात ऊर्जा कितीतरी जास्त. पिल्लाला ते भरवतात. शत्रू जवळ आला तर तेच त्याच्यावर फेकतात. दुसऱ्या पक्ष्याच्या पिसांवर पडलं तर पिसं चिकटतात आणि पाणी आत शिरतं. घरट्यातलं एवढंसं पिल्लूसुद्धा नेम धरून ओकतं. मी एका बेटावर हे तीन वेळा अनुभवलं.

आणि चालणं! तुमच्या मुलीनं नेमकं तेच पाहिलं याचं मला फार कौतुक वाटलं. पेट्रेल घराण्यातले बाकीचे बहुतेक पक्षी जमिनीवर पोटावर घसटत सरकतात, त्यांच्या पायांत उभं राहण्याचं बळ नसतं. याचे पाय भक्कम. त्यामुळे सील प्राण्यांच्या किनाऱ्यावर हा गिधाडासारखा वावरू शकतो, आणि पेंग्विनच्या वसाहतीत चालत शिरू शकतो.

अनघा_के
सावनी, किती छान सांगितलंस! मीठ ठिबकतं ही गोष्ट लेकीला वाचून दाखवली. "म्हणजे तो रडत नव्हता?" असं विचारलं तिनं. तिला वाटलं होतं, पिल्लाला मारून तोच रडतोय.

प्रकाश_म्हसळा
मराठी नावाचं बघू. मी 'सागरगिधाड' सुचवतो. आमच्या म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची घरटी आहेत, मी लहानपणापासून बघतो आहे. मेलेलं जनावर साफ करणं हे गिधाडाचं काम. हा पक्षी समुद्रावर तेच काम करतो, मग नावही तेच द्यावं.

निसर्गवेडी_नयना
प्रकाशदादा, मला पटत नाही. आपलं गिधाड जिवंत जनावर मारत नाही. हा मारतो. अनघाच्या मुलीनं जे पाहिलं ते मेलेलं पिल्लू नव्हतं ना. गिधाड म्हटलं की अर्धीच ओळख होते. 'महापेट्रेल' सरळ आहे.

प्रकाश_म्हसळा
नयनाताई, 'महापेट्रेल'मध्ये मराठी किती आणि पेट्रेल किती? रस्त्यावरचा माणूस पेट्रोलच समजेल.

समुद्रकाका
पेट्रोल म्हणा, पण काडी ओढू नका, पोटात तेल आहे.

सावनी_केपटाऊन
नावावरून आठवलं. पूर्वी याचं शास्त्रीय नाव 'ऑसिफ्रागा' होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ हाडं मोडणारा. चिली आणि अर्जेंटिनातले लोक अजूनही याला 'केब्रांताउएसोस' म्हणतात, अर्थ तोच. गंमत म्हणजे स्पेनमध्ये हाच शब्द दाढीवाल्या गिधाडाला आहे, आपल्या हिमालयात असतं ते. तेव्हा प्रकाशदादांना गिधाड आठवलं यात नवल नाही, स्पॅनिश खलाशांनाही तेच आठवलं होतं.

पण नयनाताईंचा मुद्दाही खरा आहे. हा दक्षिणेच्या समुद्रातला सगळ्यात मोठा मृतभक्षक (मेलेलं खाणारा) पक्षी, आणि तरीही शिकारी. हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या क्रोझे बेटांवर हे किंग पेंग्विनच्या वसाहतीत रात्रीसुद्धा शिकार करतात, फ्रेंच अभ्यासकांनी त्यावर बारकाईनं काम केलं आहे. पाण्यात दुसऱ्या पक्ष्याचं डोकं दाबून धरून त्याला बुडवून मारल्याच्याही नोंदी आहेत. अल्बट्रॉसची पिल्लंही सुटत नाहीत.

मैत्रीवरचा_हिवाळा
मी अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री स्थानकावर एक हिवाळा काढला आहे, म्हणून थोडी भर घालतो. आमच्याकडे जायंट पेट्रेल नव्हता. मैत्री समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, शिर्माकरच्या खडकाळ भागात आहे. तिथे उन्हाळ्यात येतो तो स्कुआ नावाचा समुद्रपक्षी, तोही मेलेलं-जिवंत दोन्ही खाणारा. जायंट पेट्रेल पाहिला तो जहाजावरून, केपटाऊनहून निघाल्यावर. पन्नास अंशांच्या पुढे समुद्र असा खवळलेला की आम्ही बंकला धरून पडलेलो, आणि हा मात्र खिडकीच्या उंचीवर निवांत. पंख हलत नव्हते.

एक आठवण सांगण्यासारखी आहे. आमच्यातला एक जण पहिल्याच आठवड्यात स्कुआला शिळी चपाती टाकायला निघाला. प्रमुखांनी जागच्या जागी थांबवलं. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाच्या १९९१च्या माद्रिद करारानुसार तिथल्या पक्ष्यांना खाऊ घालता येत नाही, उष्टं उघड्यावर टाकता येत नाही, आणि कोंबडीच्या मांसाबद्दल तर फारच काळजी घ्यावी लागते. कोंबड्यांचा रोग तिथे पोचला तर पसरवायला पहिले हेच पक्षी. तेव्हा आम्हाला ते जरा अति वाटलं होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआंमध्ये बर्ड फ्लू सापडल्याची बातमी वाचली तेव्हा ती चपाती आठवली. मेलेलं खाणाऱ्याला रोग आधी गाठतो.

भटकी_मुग्धा
जरा विषयांतर. आपल्या कोकण किनाऱ्यावरून यांच्यापैकी कुणी दिसतो का? पुढच्या महिन्यात मालवणला जाणार आहे.

सावनी_केपटाऊन
मुग्धा, जायंट पेट्रेल दिसायची आशा धरू नकोस. पण त्याचा एक चुलत नातलग आपल्याकडे दरवर्षी येतो: विल्सनचं वादळपाखरू. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. अंटार्क्टिकाच्या खडकांच्या फटीत अंडी घालतं आणि तिथे हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात उतरतं. किनाऱ्यावरून सहसा नाही, होडीनं खोल समुद्रात गेलं तर पाण्यावर पाय टेकत नाचल्यासारखं उडताना दिसतं. येशूचा शिष्य पीटर पाण्यावर चालला, त्यावरून पेट्रेल नाव पडलं असं म्हणतात.

मालवणी_रापण
खरां आसा. खोल पाण्यात गेलव की काळी बारकी पाखरां बोटीच्या मागसून येतत. आमका वाटायचा चिमण्यो वाट चुकल्यो.

निसर्गवेडी_नयना
ताई, निवेदक 'जायंट पेट्रेल' एवढंच म्हणाला. पण दोन आहेत ना? दक्षिणी आणि उत्तरी?

सावनी_केपटाऊन
हो, आणि हे मला सांगायचंच होतं. १९६६पर्यंत एकच जात मानत. मग बोर्न आणि वॉरहॅम या अभ्यासकांनी दाखवलं की दोन वेगळ्या आहेत. लांबून दोन्ही सारख्याच, मळकट राखाडी. ओळख चोचीच्या टोकावर: दक्षिणी जातीचं टोक फिकट हिरवं, उत्तरी जातीचं लालसर तपकिरी. दक्षिणीमध्ये काही पक्षी चक्क पांढरेशुभ्र असतात, अंगावर इकडेतिकडे एखादं काळं पीस. हे पांढरे सोडले तर दोन्हींची लहान पिल्लं उडायला लागतात तेव्हा काजळासारखी काळी असतात आणि वयानुसार फिकट होत जातात.

दक्षिण जॉर्जिया, मॅक्वारी, मॅरियन अशा बेटांवर दोन्ही शेजारी राहतात, पण उत्तरी जात साधारण सहा आठवडे आधी अंडी घालते. त्यामुळे दोघांची पिल्लं एकाच वेळी भुकेली नसतात. दक्षिण जॉर्जियात उत्तरीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं त्याच सुमारास फर सीलची वीण सुरू होते. विल्यावर पडलेली वार, मेलेली पिल्लं, भांडणात मेलेले नर, किनाराभर अन्नच अन्न. एकोणिसाव्या शतकात कातडीसाठी फर सील जवळजवळ संपवले होते. ते पुन्हा लाखोंनी वाढले आणि त्यांच्यामागून तिथले उत्तरी पेट्रेलही वाढले.

या किनाऱ्यावर जास्त करून नरच दिसतात. नर मादीपेक्षा बराच मोठा, चोचही जड. मढ्यावरच्या भांडणात तोच टिकतो. शेपटी पंख्यासारखी उभारायची, पंख पसरायचे, मान खाली घालून गुरगुरत पुढे जायचं. सीलची कातडी जाड, म्हणून सुरुवात डोळा, तोंड, गुदद्वार इथून. एकदा आत शिरला की डोकं आणि मान रक्तानं भिजेपर्यंत बाहेर येत नाही. माद्या मात्र त्याच काळात दूर समुद्रावर स्क्विड, क्रिल, मासे शोधत फिरतात.

आणि तिथेच घात होतो. दूर समुद्रावर मासेमारीच्या लांब दोऱ्या असतात, हजारो गळ लावलेल्या. दोरी सोडताना आमिष पाण्यावर तरंगतं, पक्षी ते गिळतो आणि दोरीबरोबर खाली जातो. नर किनाऱ्यावर आणि माद्या बोटींच्या मागे, म्हणून गळाचा धोका माद्यांना जास्त. एक गेला तर दुसरा एकटा अंडं उबवू शकत नाही.

समुद्रकाका
हे मला माहीत नव्हतं. त्या बोटी पाहिल्या आहेत, पण मेलेले पक्षी कधी मोजले नाहीत. आता काही करतात का त्यावर?

सावनी_केपटाऊन
करतात काका, आणि उपयोगही झाला आहे. दक्षिण जॉर्जियाच्या आसपास १९९०च्या दशकात टूथफिश या खोल पाण्यातल्या माशाच्या मासेमारीत दर वर्षी हजारो समुद्री पक्षी मरत होते. मग दोऱ्या रात्री सोडायच्या, दोरीला वजन लावून ती लवकर बुडवायची, मागे रंगीत फिती फडफडणारी दोरी बांधायची आणि विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवायची असे नियम केले. काही वर्षांतच आकडा जवळपास शून्यावर आला. बाहेरच्या खुल्या समुद्रात आणि चोरट्या बोटींवर हे कोण बघणार, हे दुखणं शिल्लक आहे. आज दोन्ही जाती धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत 'कमी चिंतेच्या' गटात आहेत. फॉकलंड बेटांवरच दक्षिणी जातीच्या सुमारे २०,००० जोड्या आहेत, जगातली सगळ्यात मोठी वस्ती.

प्रकाश_म्हसळा
मेलेलं खाणाऱ्याचं मरण हे असं कुणाच्या ध्यानीमनी नसताना येतं. आमच्या गिधाडांचं तेच झालं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध, गुरू मेलं, गिधाडानं खाल्लं, मूत्रपिंड निकामी. २००६मध्ये जनावरांसाठी बंदी आली तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. या पक्ष्याच्या बाबतीत असं काही घडलं आहे का?

सावनी_केपटाऊन
घडलं आहे, आणि तेही चांगलं काम करताना. मॅक्वारी बेटावर माणसांनी आणलेल्या सशांनी आणि उंदरांनी बेट ओरबाडून टाकलं होतं. ते संपवायला २०१०मध्ये हेलिकॉप्टरनं विषाचे दाणे टाकायला सुरुवात झाली. विषानं मेलेले ससे जायंट पेट्रेल, स्कुआ आणि गल पक्ष्यांनी खाल्ले आणि शेकडोंनी मेले. हवामान बिघडल्यानं काम त्या वर्षी थांबलंच होतं. पुढच्या वर्षी पद्धत बदलली: आधी सशांमध्ये त्यांच्याच एका रोगाचा विषाणू सोडून संख्या कमी केली, मग विष, आणि माणसं बेटभर फिरून मेलेली जनावरं उचलत होती. तरीही पक्षी मेलेच. पण २०१४मध्ये बेट उंदीर-ससेमुक्त जाहीर झालं, आणि आता तिथे गवत परत आलं आहे, बिळांत घरटी करणारे पक्षी परत आले आहेत. तो निर्णय योग्य होता असं मी मानते. त्या मेलेल्या पेट्रेलांचे फोटो पाहून मला रडू आलं होतं, हेही खरं आहे.

निसर्गवेडी_नयना
सावनी, मी नावाबद्दल वाद घातला, पण आता 'सागरगिधाड' पटायला लागलं आहे. गिधाडासारखं जगतो त्यापेक्षा गिधाडासारखा मरतो म्हणून.

मैत्रीवरचा_हिवाळा
आणखी एक. हा घरट्यावर फार भित्रा आहे. एवढा दांडगट, पण माणूस जवळ आला की अंडं सोडून उठतो, आणि स्कुआ तेवढ्यात अंडं पळवतो. अंडं वर्षाला एकच, गेलं की त्या वर्षीचा संसार संपला. पूर्व अंटार्क्टिकात त्याच्या विणीच्या जागा मोजक्याच उरल्या आहेत: हॉकर बेट, फ्रेझियर बेटं, जायगँटियस बेट, पॉइंट जिऑलॉजी. तिथे जायला कडक परवाना लागतो. हॉकर बेटावर तर माणूस न जाता आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बसवला आहे.

बंदरकाठ
सुरुवातीला मी अल्बट्रॉस म्हटलं ते मागे घेतो. पण अनघाताईंच्या मूळ प्रश्नाचं काय? दुष्ट आहे की नाही?

समुद्रकाका
बाळ, मी सूट टाकून दिला त्या दिवशी विचारलं असतंस तर 'हो' म्हणालो असतो.

प्रकाश_म्हसळा
मुलीला खोटं सांगू नका, अनघाताई. पिल्लाला दुखलं, हे आधी मान्य करा. मग बाकीचं सांगा. आमच्या गावात मुलं गिधाडांना घाबरायची. आम्ही त्यांना घरट्यातलं पिल्लू दुर्बिणीतून दाखवायला लागलो तेव्हा प्रश्न बदलले.

अनघा_के
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकाशदादांचं ऐकलं. काल तिला शेजारी बसवून माहितीपटाचा तो भाग परत लावला. पिल्लाला दुखलं, हे मी आधीच म्हणून टाकलं. ती गप्प होती. मग "थांबव" म्हणाली. मला वाटलं, बघवत नाही. पण तिला चोचीचं टोक बघायचं होतं. अगदी पडद्याजवळ गेली. हिरवट आहे. "दक्षिणी," म्हणाली, आणि वहीत लिहून ठेवलं.

दुष्ट आहे का ते अजून ठरलेलं नाही. तिचा नवा प्रश्न सावनीमावशीला: त्या वेळी त्याचं स्वतःचं पिल्लू कुठे असतं?

सावनी_केपटाऊन
तिला सांगा, मावशीला फार आनंद झाला. त्या वेळी त्याचं पिल्लू अजून जगात आलेलं नसतं. एम्परर पेंग्विनची पिल्लं अशी घोळक्यानं उभी राहतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. याची मादी अंडं घालते ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये, दगडगोट्यांच्या घरट्यात, एकच. मग दोघं आळीपाळीनं जवळपास दोन महिने बसतात. एक समुद्रावर जातो तेव्हा दुसरा उपाशी, जागचा न हलता, कितीही बर्फ पडला तरी. पिल्लू जानेवारीत अंड्यातून बाहेर येतं. पहिले दोन-तीन आठवडे आईबापांपैकी कुणीतरी त्याला पोटाखाली धरून असतं, नंतर ते एकटं. आणि मग ते ओकायला शिकतं.

अनघा_के
वाचून दाखवलं. 'ओकायला शिकतं'वर खूप हसली. कालनिर्णयचं जानेवारीचं पान उलटून तिथे अंड्याचं चित्र काढलं आहे, त्याला चोच फुटलेली. चोच हिरवी रंगवली आहे.

सावनी, पिल्लाच्या चोचीचं टोक पहिल्या दिवसापासून हिरवं असतं का, हे विचारायला सांगितलं आहे.